मुश्ताकभाईंचा डावा हात

मुश्ताकभाई चिडले की आधी त्यांचा डावा हात चिडायचा. टेबलाच्या कडेवर पंजा टेकलेला आणि मनगट पुढं-मागं, पुढं-मागं, पेटीवाला भाता मारतो तसं. तोंडातून शब्द निघायला अजून अवकाश असायचा. आम्ही चौघं आपापल्या कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून त्या हाताकडे तिरकं बघायचो. हात हळू चालला असेल तर चहा सांगायचा. जोरात चालला असेल तर ज्याची चूक असेल त्यानं मुकाट फाइल पुन्हा उघडायची. मग आवाज यायचा, "कोण्या भैताडानं हे बोट इथं ठेवलं?"

ते भैताड बहुतेक वेळा मीच असायचे.

आमचं ऑफिस म्हणजे यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या एका जिनिंगची खोली. पूर्वी तिथं कापसाच्या गाड्यांचं वजन लिहीत असत. भिंतीला कान लावला तरी आता शेजारच्या शेडमध्ये काही हलत नव्हतं, पण सरकीचा वास काही केल्या जात नव्हता. त्या खोलीत बसून आम्ही पियानो वाजवत होतो. म्हणजे पडद्यावर. पुण्याची एक कंपनी पियानो शिकवणारं सॉफ्टवेअर काढणार होती. त्यात पडद्यावर एक पियानो दिसणार आणि दोन हात तो खऱ्यासारखे वाजवणार. ते हात करायचं काम कसं कोण जाणे फिरत-फिरत आमच्याकडे आलं होतं.

कंपनी आम्हाला फक्त संगीताची फाइल पाठवायची. त्या फाइलमध्ये गाणं नसतं, नुसती नोंद असते. कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली. संपलं. कोणत्या बोटानं दाबली ते नाही. या पट्टीवरून त्या पट्टीवर जाताना हात कसा गेला ते नाही. मुश्ताकभाई म्हणायचे, "याच्यात आवाज हाय, हात नाही. कोणाचा तरी हात कापून नेला अन् आपल्याले आवाज पाठवला. आता तुम्ही हात हुडका." त्यांनी लिहिलेला प्रोग्राम ती नोंद वाचायचा आणि बोटं ठरवायचा. बाकी त्या हातांत जीव आम्ही घालायचा. नवशिक्याची चूक ठरलेली असे, सूर वाजला की बोट हलवायचं. तसं केलं की हात आवाजाच्या मागं धावल्यासारखा दिसतो. "हात आधी, आवाज मंग," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या पोरीला झोपेतही पाठ आहे.

पहिल्या भेटीतच त्यांनी माझी जिरवली होती. मी फुलसावंगीची. घरची कापूस-तुरीची शेती, त्यात आमच्या बाबांनी मुलीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायला लावला म्हणून अख्खं गाव त्यांना येड्यात काढत होतं. मी सर्टिफिकेटांची पिशवी घेऊन गेले. मुश्ताकभाईंनी पिशवीकडे बघितलंही नाही. "हात ठेव टेबलावर," म्हणाले. "आता अंगठीचं बोट एकटंच उचल." मी उचललं, तर करंगळी सोबत आली. पुन्हा उचललं, पुन्हा आली. मी चिडून करंगळी दाबून धरली, तर मधलं बोट उठलं.

"पाह्यलं? तुह्या हातातले बोटं एकामेकाले सोडून राहत नाही. कॉम्प्युटरचे राह्यते. म्हणून ते मुडद्याचे दिसते. ज्या बोटाले काम नाही, ते बी थरथरलं पाह्यजे. समजलं असन तर उद्यापासून ये."

"अन् नाही समजलं तर?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"तरी बी ये. चिडते बराबर तू."

त्यांचा उजवा हात मी तेव्हा पाहिला. अंगठा आणि अर्धी तर्जनी, बाकी काही नाही. त्यांनी लपवला नाही आणि मी विचारलं नाही. पुढं त्यांच्या बायकोनं, शाहीनभाभींनी, मला ते सांगितलं. नेरला त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्रीकाम करणारं. मुश्ताकभाई जिनिंगचे रेचे दुरुस्त करायचे, आणि संध्याकाळी पेटी वाजवायचे. उरुसात कव्वालीला तेच आणि गणपतीत भजनाला तेच. एका हंगामात रेच्याच्या रुळात हात गेला. रेचा सरकी आणि रुई वेगळी करतो, बोटं आणि सरकी यांत त्याला फरक कळत नाही. त्यानंतर जिनिंगही बंद पडली. तिशी ओलांडलेला हा माणूस पोरासोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकला, एकट्या डाव्या हातानं.

पण हात जाण्याच्या थोडं आधी एक गोष्ट घडून गेली होती. नेरच्या एका बँडवाल्यानं नवा इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला होता. वाजवलेलं फ्लॉपीत साठवून ठेवणारा. मुश्ताकभाईंनी त्यावर उरुसातली एक चीज वाजवली, गंमत म्हणून. फ्लॉपी राहिली, बोटं गेली. आमचा प्रोग्राम तपासायला ते कायम तीच फाइल लावायचे. पडद्यावरचा उजवा हात ती चीज वाजवू लागला की सगळ्यांनी गप्प बसायचं. कधी मान हलवायचे, "हा मी नव्हे." कधी म्हणायचे, "जवळ आला." मी एकदा वैतागून म्हटलं, "भाई, कंपनीचं काम पडलंय, तुमचं हे काय चाललंय?" तर म्हणाले, "माह्ये हात मले एकदा वाजवताना पाह्यचे हाय. तवा वाजवत होतो, पाहत नव्हतो. कोण पाहते?"

ती वर्षं वाईट होती. कापसानं सगळ्या जिल्ह्याचं वाटोळं केलं होतं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोज पेपरात येत होत्या, हे मी सांगायला नको. पण त्याच्याइतकीच मला चीड यायची ती बघायला येणाऱ्यांची. यवतमाळ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. "अरेरे, यवतमाळचे का?" पुण्याची माझी आत्या शेजारणीला माझी ओळख करून द्यायची, तर ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायची! मी धडधाकट, पोटभर जेवलेली, दोन वेण्या घातलेली बाई. पाठीवरून हात कायले फिरवता? एकदा कॅमेरावाले बंद जिनिंगचं चित्रण करायला आले आणि आमच्या खोलीत घुसले. एकानं मुश्ताकभाईंच्या तोंडासमोर माइक धरला. "आपको यहाँ कैसा लगता है?" मुश्ताकभाईंनी कूलरकडे बोट दाखवलं. "गरम लगता है. पानी डालते क्या इसमें?" तो माणूस खरंच बादली शोधायला लागला.

हसलो आम्ही, पण भाईंचा हात नंतर बराच वेळ टेबलावर चालू होता. "चार पैशाची मदत करनारा परवडला," ते म्हणाले. "पण बिचारा म्हणनारा? बिचारा म्हणलं की माणूस संपला. त्याले चूक बी करता येत नाही मंग."

चूक आम्ही केलीच, आणि तीही अशी की ती आमच्याच हातून व्हावी.

आमच्यापैकी कोणीही पियानो वाजवणारा माणूस डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हिंदी सिनेमात हिरो पियानोवर बसतो, पण कॅमेरा त्याच्या तोंडावर असतो, हातावर नाही. आम्ही पाहिलेली पेटी. पट्ट्या त्याच, काळ्या-पांढऱ्या. पियानोला भाता नसतो हे मुश्ताकभाईंना ठाऊक होतं, आम्हालाही होतं. पण डाव्या हाताला वाजवायला काही नसेल तेव्हा तो ठेवायचा कुठं, हे कोणाला ठाऊक होतं? पट्ट्यांवर नुसता ठेवला की मेलेला दिसायचा. म्हणून मुश्ताकभाईंनी आपला स्वतःचा हात टेबलावर टेकवला, त्याच्याकडे बघितलं आणि पडद्यावरचा हात तसाच हलवला. पुढं-मागं, पुढं-मागं. आम्हा कोणालाच त्यात काही खटकलं नाही. वाजवणाऱ्याचा डावा हात हलतोच, हे आम्ही जन्मापासून बघत आलो होतो.

एप्रिलमध्ये पुण्याचे साहेब काम बघायला आले. सोबत पियानो शिकवणाऱ्या एक मॅडम. उन्हानं दोघांचे चेहरे लाल झालेले. आम्ही पडदा लावला. उजवा हात सुरू झाला तशा मॅडम पुढं सरकल्या. "अंगठा काय सुंदर खालून जातोय!" म्हणाल्या. मुश्ताकभाईंचा हात टेबलावर हळू, खुशीत चालला होता. मग सुरावटीत डाव्या हाताला विसावा आला, आणि मॅडमना एकदम हसू फुटलं. चांगल्या खदखदून हसल्या. "अहो, हा डावा हात कोणाला वारा घालतोय?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. मॅडमना वाईट वाटलं, त्यांनी लगेच समजावून सांगितलं. काम नसलेला हात मांडीवर ठेवतात, नाहीतर पट्ट्यांजवळ गप्प असतो. आमचा प्रशांत खाली बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुश्ताकभाई मात्र मॅडमकडे नीट बघत ऐकत होते.

तेवढ्यात साहेब बोलले. न बोलते तर बरं होतं.

"असू द्या हो मॅडम. राहू दे तो हात तसाच. आपण सोबत यवतमाळची गोष्ट देऊ ना. अशा जिल्ह्यातल्या मुलांनी एवढं केलं, हेच खूप आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल." आणि मुश्ताकभाईंच्या उजव्या हाताकडे बोट करून म्हणाले, "यांचा फोटोही टाकू."

मी भाईंच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो थांबला होता. इतक्या वर्षांत तो चिडून जोरात चाललेला पाहिला होता, थांबलेला नाही.

"साहेब, एक सांगा. हे चूक हाय का बराबर हाय?"

"तसं चूक... पण चालेल."

"पुण्याच्या पोट्ट्यानं असंच करून देल्लं असतं, तर चाललं असतं?"

साहेबांनी समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला.

"मंग माह्यं काहून चालते? मॅडम हासल्या, बराबर हासल्या. चूक होती म्हणून हासल्या. तुम्ही मले रडवाले आले. पास करा नाहीतर नापास करा साहेब. बिचारा म्हणू नका."

साहेबांचं तोंड वाकडं झालं. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, असं म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी पेटले. "तुमची आनबान तुमच्याजवळ! तो हात आहे तसा घेत होते ना ते? मग घेऊ द्यायचा होता! काम गेलं तर तुम्ही नेरला जाल, मी कुठं जाऊ? फुलसावंगीले जाऊन कापूस वेचू का?" आणखीही बरंच बोलले. त्यातलं काही मागं घ्यावं असं मला आजही वाटत नाही. आमची चार घरं चालत होती त्या खोलीवर.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर्षे, तुह्या बापाचा कापूस बाजारात कोणी उचलून पाह्यला नाही, नुसतं म्हणलं का फुलसावंगीचा हाय, बिचारा, घ्या घेऊन. तुह्या बापाले चालन?"

"भाव चांगला देत असन तर चालन!"

ते हसायला लागले. "भल्ली खोडीची हायेस तू," म्हणाले, आणि हात पुन्हा टेबलावर चालू झाला. पण निर्णय काही बदलला नाही.

मॅडम मनाच्या मोठ्या. मुश्ताकभाईंनी फोन केला, तर त्यांनी स्वतःच्या हातांचं चित्रण सीडीवर घालून कुरिअरनं पाठवलं. भाई ते बघत बसले. मोकळा हात मांडीवर जातो कसा, परत येतो कधी, यायच्या आधी खांदा कसा उचलतो. आणि मग भाता काढायचं काम सुरू झालं. ते काम म्हणजे ताप होता. मनगटाचा तो झोका प्रोग्रामच्या हाडीमाशी भिनला होता. एके ठिकाणी काढला की दुसरीकडून डोकावायचा. भाई पडद्याकडे बघत "इथं बराबर हाय" म्हणायचे आणि मी बघायची, तर बरोबर नसायचं. टेबलावर त्यांचा स्वतःचा हात चालू असायचा, आणि पडद्यावरचा त्याच्या जोडीनं हलला की त्यांना तो बरोबरच वाटायचा.

हे त्यांच्या लक्षात आलं त्या दिवशी त्यांनी काय करावं? खुर्चीवरून उठले, डावा हात खुर्चीवर पालथा ठेवला आणि त्याच्यावर बसले. स्वतःच्या हातावर! "हा बेइमान हाय," म्हणाले. "मले खोटं सांगते. आता बटन तू दाब, मी सांगतो." एक हात रेच्यानं खाल्लेला, दुसऱ्यावर बसलेले, आणि तोंडानं माझ्यावर खेकसत राहिले. "थांबव. अजून हलून राह्यला. थांबव म्हणलं ना!" दुपारी शाहीनभाभींनी दिलेला डबा काढला, तर तो मी उघडून द्यायचा. मला हसू येत होतं आणि संतापही येत होता. कोणी सांगितलं होतं यांना?

झालं एकदाचं. कंपनीच्या सगळ्या फाइली बघून झाल्या. शेवटी भाईंनी आपली ती फ्लॉपीतली चीज लावायला सांगितली. मी म्हटलं, "ती कशाला? ती कुठं कंपनीची आहे?" "लाव," म्हणाले.

उजवा हात सुरू झाला. त्या दिवशी तो खरोखर एका माणसाचा हात होता. करंगळी थरथरत होती, अंगठा वळत होता. आणि डावा हात, ज्याला त्या चिजेत एकही पट्टी नव्हती, तो मांडीवर पडून होता. शेवटपर्यंत उठला नाही. मला ते बघवेना. भात्याशिवाय पेटी वाजत होती! मी म्हटलं, "भाई, या एका फाइलपुरता जुना राहू द्या ना. ही तर तुमची आहे. कोण बघतंय?"

"मी पाहून राह्यलो ना," ते म्हणाले. खुर्चीवरून उठले, डावा हात झटकला, त्याच्यावर खुर्चीच्या वेताचे वळ उठले होते. पडद्याकडे बघितलं. "पास," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

कंपनीनं काम घेतलं. साहेबांनी फोनवर "छान" म्हटलं. भाईंनी त्यांना एवढंच बजावलं, "आमचं नाव टाकलं नाही तरी चालन, पण जिल्ह्याचं रडगाणं टाकलं तर याद राखा." त्यांनी दोन्हीपैकी काहीच टाकलं नाही. पुढंही काही वर्षं त्यांची कामं येत राहिली, आणि प्रत्येक कामात साहेबांनी चुका काढल्या. मुश्ताकभाई त्या चुका मोठ्यानं वाचून दाखवायचे, सणाला गोड वाटावं तशा.

मग मुश्ताकभाई गेले. पन्नाशीही गाठली नाही. ब्लडप्रेशर होतं, डॉक्टरांनी रोज गोळी घ्यायला सांगितलं होतं. हा माणूस चारचौघांत गोळी घ्यायचा नाही. का, तर लोक चेहरा पाडून बघतात! मी नेरला घरी गेले, तर शाहीनभाभींनी कपाटातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यासमोर टाकली. जशीच्या तशी. "देख, तेरे भाई की अकड़," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी रडले नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती. काम पास व्हावं म्हणून हातावर बसता येतं, मग एक गोळी गिळता येत नव्हती? हे त्यांना मी तोंडावर सुनावलं असतं. तेवढी संधी त्यांनी ठेवली नाही.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. "वर्षा, कळलं. फार वाईट झालं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तसं... तसं काही नव्हतं ना?"

"कसं?" मी विचारलं. मला कळलं होतं. पण त्यांच्या तोंडून काढायचं होतं.

"नाही, म्हणजे... तुमच्या तिकडे होतं ना. तसं."

"हार्ट अटॅक होता साहेब. तुमच्या पुण्यात येतो तसाच."

"हो हो, तेच. फार राबला माणूस. बिचारा."

मग मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते, की त्यानंतर त्या कंपनीचं काम आलं नाही, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही.

आता यवतमाळला माझे स्वतःचे ॲनिमेशनचे वर्ग आहेत. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी टेबलावर हात ठेवायला लावते आणि अंगठीचं बोट एकटं उचलायला सांगते. मुश्ताकभाईंची ती फाइल माझ्याकडे आहे. दोन्ही आहेत, भात्याची आणि बिनभात्याची. भात्याची फाइल चूक आहे, मॅडम बरोबर हसल्या होत्या. पोरांना मी ती चूक म्हणूनच दाखवते, आणि पोरं हसतात. हसू देते. हसणाऱ्यावर मुश्ताकभाई कधी चिडले नव्हते.

हे सगळं वाचून कोणाच्या तोंडी साहेबांचा तो शब्द आलाच, तर त्यानं तो गिळावा. चूक दिसली असेल तर खुशाल दाखवा. पास म्हणा, नाहीतर नापास म्हणा.